पुढच्यास ठेच, मागचा शहाणा कधी?

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात महात्मा गांधींवर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. गांधीजी त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगीत होते. दुखणे बळावल्यामुळे त्यांना ससूनमध्ये हलविण्यात आले आणि कर्नल मॅडॉक या शल्यविशारदांनी विलंब न लावता शस्त्रक्रिया करण्याचे ठरविले. तत्पूर्वी नामदार श्रीनिवास शास्त्री यांच्या उपस्थितीत एक निवेदन तयार झाले. आपला डॉक्टरांवर विश्वास आहे आणि काही बरेवाईट झाले तरी त्यावरून सरकारविरुद्ध चळवळ उभी राहू नये, अशा आशयाच्या त्या निवेदनावर रुग्णाने समजून-उमजून स्वाक्षरी केली. शस्त्रक्रिया चालू असतानाच वादळी पावसाने वीज गेली. विजेरीच्या उजेडात काम पुढे चालू झाले, तोच तीही विझली. अखेरीस कंदिलाच्या प्रकाशात मॅडॉक यांनी आपले काम पुरे केले.

ही आठवण आपण एरवी गांधीजींच्या धैर्याची म्हणून सांगतो. परंतु रुग्णालये चालविणाऱ्यांनी तिच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहावयास हवे. प्रकाशाची एक सोय बंद पडली, दुसरीही पडली, तरी तिसरी हाताशी होती. वीज गेली यात कोणाचा दोष नव्हता. परंतु कंदील नसता तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. माणसे चुकणारच आणि यंत्रे बिघडणारच. एकाची चूक रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वी दुसऱ्याच्या हाती अडावी, अशी व्यवस्था ज्या रुग्णालयात आहे, ते सुरक्षित रुग्णालय.

या कसोटीवर आपली रुग्णालये कितपत उतरतात? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. कक्षात सतरा बालके होती. त्यांपैकी सात वाचली, दहा दगावली. महाराष्ट्र हळहळला, चौकशी समिती नेमली गेली, राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि पुरवठा खंडित होऊन वीसहून अधिक रुग्ण प्राणाला मुकले. भंडाऱ्याच्या आगीला दहा महिने होतात न होतात तोच ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्णांचा बळी गेला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. येथे पुढच्याला ठेच लागली, सर्वांनी पाहिली, आणि तरीही मागचा त्याच दगडावर अडखळला.

झाकली मूठ

असे का व्हावे? दुर्घटना घडली की आपण प्रथम दोषी माणूस शोधतो. एखादी परिचारिका, एखादा कनिष्ठ डॉक्टर किंवा विजेचे काम पाहणारा कर्मचारी निलंबित होतो आणि प्रकरण मिटले असे समजले जाते. हलगर्जीपणाला शिक्षा व्हावयासच हवी, याबद्दल दुमत नाही. परंतु त्या माणसाच्या जागी दुसरा कोणी असता तर हेच घडले नसते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. समजा, एकाच कक्षात शांताबाई नावाच्या दोन रुग्ण आहेत, शेजारी-शेजारी. रात्रपाळीला चाळीस खाटांमागे एकच परिचारिका आहे. औषधाच्या चिठ्ठीवरील अक्षर लागत नाही आणि कपाटातील दोन कुप्या रंगारूपाने सारख्या आहेत. एका रात्री एकीचे इंजेक्शन दुसरीला दिले गेले, तर अपराध कोणाचा? त्या परिचारिकेचा तर आहेच. परंतु रुग्णाच्या मनगटावर नावाची पट्टी न बांधणाऱ्या व्यवस्थेचा, कुप्या एकत्र ठेवणाऱ्याचा, वाचता न येणारे लिहिणाऱ्याचा आणि तिच्या तीन मदतनिसांच्या जागा रिकाम्या ठेवणाऱ्याचा अधिक आहे.

आणि समजा, ते इंजेक्शन टोचण्यापूर्वीच तिच्या लक्षात आले, तर? बहुतेक ठिकाणी ती निःश्वास टाकील आणि गप्प राहील. बोलावे तर कारणे दाखवा नोटीस, न बोलावे तर काहीच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या झाकल्या मुठीत पुढच्या महिन्यातील एका रुग्णाचा प्राण असतो. टळलेला अपघात हा फुकटात मिळालेला धडा होय. तो सांगितला गेला नाही, तर पुढे त्याची किंमत मोजावी लागते.

हे केवळ आपल्याच देशाचे दुखणे आहे, असे मात्र नव्हे. उपचार घेताना दर दहा रुग्णांमागे सुमारे एकाला उपचारांपासूनच काही ना काही इजा होते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये तेथील वैद्यक संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. चुकणे हा मनुष्यधर्मच आहे, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. तेथील रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळे दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार माणसे मरण पावतात, असा अंदाज त्यात होता. त्या श्रीमंत देशाने हे आकडे जगापुढे मांडले म्हणून तो लहान ठरला नाही. सुधारणेचा आरंभ तेथूनच झाला.

मोजल्याशिवाय सुधारणा नाही

वैद्यकाच्या इतिहासातही हेच दिसते. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने दोन कक्षांतील मृत्यूंचे आकडे शेजारी-शेजारी मांडले. सुईणी काम करीत त्या कक्षापेक्षा वैद्यकीय विद्यार्थी काम करीत त्या कक्षात बाळंतज्वराने कितीतरी अधिक स्त्रिया मरत होत्या. शवविच्छेदन करून आलेल्या हातांनीच विद्यार्थी बाळंतिणींना तपासतात, हे त्याने ओळखले आणि क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. मृत्यू झपाट्याने घटले. परंतु आपले हात रोग पसरवितात हे मान्य करणे अनेक प्रतिष्ठित वैद्यांना मानवले नाही. सेमेलवाइस १८६५ मध्ये वेड्यांच्या रुग्णालयात उपेक्षित अवस्थेत मरण पावला. क्रिमियाच्या युद्धात शुश्रूषेची व्यवस्था लावणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना आपण दिवा घेतलेली माता म्हणून ओळखतो. पण त्यांचे खरे शस्त्र होते मृत्यूंची काटेकोर आकडेवारी.

येथे वर्धा जिल्ह्याचा विषय निघणे अपरिहार्य आहे. पै-पैचा हिशेब ठेवणारा आणि संडासाच्या स्वच्छतेला प्रार्थनेइतकेच महत्त्व देणारा माणूस १९३६ मध्ये या जिल्ह्यातील शेगावात येऊन राहिला आणि पुढे त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथेच डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने कस्तुरबा रुग्णालय वाढले आणि १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. खेड्यापाड्यांतील, शेजारच्या यवतमाळ-चंद्रपूरकडील गरीब रुग्णांचा हा मोठा आधार आहे. पुढे १९९० मध्ये सावंगी (मेघे) येथे दुसरे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय सामान्य रुग्णालय आहेच. एका लहानशा जिल्ह्यात, काही मैलांच्या परिघात, एवढी वैद्यकीय विद्या एकवटल्याची उदाहरणे महाराष्ट्रात फार नाहीत.

सेवाग्रामच्या या संस्थेत २००४ मध्ये झालेला एक अभ्यास प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. क्षयरोग्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाच क्षयाचा संसर्ग किती होतो, हे पाहण्यासाठी तेथील ७२६ डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी व अन्य कर्मचाऱ्यांची दोन प्रकारच्या चाचण्यांनी तपासणी करण्यात आली. निम्म्या लोकांची निदान एक चाचणी संसर्ग दर्शविणारी निघाली. डॉ. मधुकर पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष २००५ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. संसर्ग म्हणजे आजार नव्हे, हे खरे. तरीही आपल्याच घरातील ही संख्या जगासमोर मांडण्यास मनाचा मोठेपणा लागतो. ज्या कक्षात शुश्रूषा करणारा सुरक्षित नाही, तेथे शेजारच्या खाटेवरील रुग्णही सुरक्षित नाही. खिडक्या उघड्या ठेवणे, खोकणाऱ्या रुग्णाला प्रथम वेगळे बसविणे, निदान लवकर करणे, हे उपाय सुचतात ते असा हिशेब मांडल्यानंतरच. गांधीजींच्या आश्रमातील नोंदवहीची परंपरा खऱ्या अर्थाने चालवायची ती अशी.

कागद आणि माणूस

मग नोंदी ठेवल्या, तक्ते भिंतीवर लावले, की काम संपले काय? या प्रश्नाचे उत्तर दोन प्रयोगांतून मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची एक तपासणी-सूची तयार केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी असे तीन वेळा थांबून सर्वांनी मोठ्याने खात्री करून घ्यावयाची: रुग्ण हाच ना, अवयव हाच ना, रक्ताची सोय आहे ना, गॉज आणि हत्यारांची मोजदाद जुळली ना. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिचा वापर करून पाहण्यात आला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेकडा १.५ वरून ०.८ वर आले आणि गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा ११ वरून ७ वर आले. खर्च जवळजवळ शून्य.

दुसरा प्रयोग उत्तर प्रदेशातला. तेथील प्रसूतिकेंद्रांत अशीच एक सूची देण्यात आली आणि ती कशी वापरावी याचे मार्गदर्शनही करण्यात आले. दीड लाखाहून अधिक मातांचा अभ्यास झाला. २०१७ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दिसले की, कर्मचारी हात धुणे, रक्तदाब मोजणे अशा गोष्टी पूर्वीपेक्षा अधिक करू लागले होते. परंतु माता व अर्भकांचे मृत्यू मात्र घटले नव्हते. याचा अर्थ तक्ता निरुपयोगी असा नव्हे. रक्तदाब वाढला आहे हे तक्त्यामुळे कळते. पण तो उतरविण्याचे औषध, ते देण्याचे कौशल्य, वेळेवर रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय तक्ता देऊ शकत नाही. ज्या शासनाला रुग्णालयांत गुणवत्तेचे फलक लावावेसे वाटतात, त्याने परिचारिकांच्या रिकाम्या जागाही भरल्या पाहिजेत.

चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. आपले सारे लक्ष पहिल्या पादाकडे असते. बाकीचे तीन लंगडे राहिले तरी चालते. औषधाचेच पाहा. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरॉल दिले गेल्यामुळे चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदी व औषधनियंत्रण या दोन्हींतील सडक्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. त्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात त्याच विषाने दूषित झालेले खोकल्याचे औषध पिऊन वीसहून अधिक बालके मृत्युमुखी पडली. त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. विष तेच, पळवाट तीच. न्यायमूर्तींनी एवढ्या परिश्रमाने दाखविलेला दगड वाटेतून कोणी उचललाच नाही.

परिचारकाची स्थिती वर आलीच आहे. राहिला रोगी. त्याला काही विचारण्याचा अधिकार आहे, हे त्याला स्वतःलाच पटलेले नसते. सेवाग्रामला डॉ. उल्हास जाजू यांनी १९८०च्या दशकात खेड्यांत ज्वारीच्या हंगामात वर्गणी गोळा करून आरोग्यविम्याची योजना चालविली. ऐपतीप्रमाणे शेतकऱ्याने ज्वारी द्यावी आणि गावाने रुग्णालयाशी नाते जोडावे, असे तिचे स्वरूप होते. तिचे एक फलित आर्थिक होतेच. परंतु दोन पायल्या ज्वारी का होईना, ज्याने दिली, तो रुग्णालयात याचक म्हणून येत नाही. तो विचारू शकतो. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे आणि तक्रारनिवारणाची व्यवस्था ठेवणे बंधनकारक केले. सनद भिंतीवर लागली तरी, ‘बाई, हे इंजेक्शन कशाचे?’ असे विचारणाऱ्या म्हातारीवर कोणी खेकसणार नाही, ही हमी नियम देऊ शकत नाही. ती रुग्णालयाच्या वळणात मुरावी लागते. गांधीजींसारख्या राजबंद्यापुढे १९२४ मध्ये सरकारी शल्यविशारदालाही संमतीचे निवेदन आवश्यक वाटले. आर्वीहून वा समुद्रपूरहून आलेल्या शेतमजुराचा अंगठा मात्र आजही कित्येकदा न वाचून दाखविलेल्या कागदावर उमटतो.

भीतीचे काय?

डॉक्टरांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. रुग्णाच्या मृत्यूनंतर जमावाने रुग्णालय फोडावे, डॉक्टरांना मारावे, असे प्रकार घडू लागले. त्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा वातावरणात आपली चूक वहीत लिहून ठेवा, असे सांगणे म्हणजे आपल्याच हाताने फिर्याद लिहून द्या, असे सांगणे, असा त्यांचा आक्षेप आहे. तो निराधार नाही. भीती आणि सत्यकथन एका घरात नांदत नाहीत.

परंतु यावर तोड नाही असे नाही आणि ती शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. वर्धा हे रेल्वेचे जुने जंक्शन आहे. आपल्या देशात मोठा रेल्वे अपघात झाला की त्याची वैधानिक चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. ज्याच्या हातून अपघात झाला त्यानेच चौकशी करू नये, एवढे शहाणपण आपल्या पूर्वसूरींना होते. रुग्णालयांतील दुर्घटनांना मात्र असा कायमचा, स्वतंत्र आणि जाणकार चौकशी अधिकारी नाही. प्रत्येक वेळी नवी समिती, नवा अहवाल, आणि अहवालाचे कपाटही नवे.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर स्वतंत्र चौकशी व्हावी आणि तिचा अहवाल मराठीत प्रसिद्ध व्हावा. कारण तो ज्यांच्यासाठी आहे त्यांना वाचता आला पाहिजे. त्यात दारू पिऊन कामावर आलेला, निकृष्ट औषध जाणूनबुजून खरेदी करणारा आढळला, तर त्याला कायद्याने शिक्षा व्हावी. मात्र टळलेल्या अपघाताची आणि प्रामाणिक चुकीची माहिती देणाऱ्यास संरक्षण मिळावे. त्याच्या नोंदीचा वापर त्याच्याविरुद्ध होऊ नये. अशी चुकांची वही प्रत्येक कक्षात असावी, महिन्यातून एकदा अधिष्ठात्यापासून सफाई कामगारापर्यंत सर्वांनी बसून ती वाचावी आणि एका रुग्णालयातील धडा दुसऱ्यास कळवावा.

हे वर्धा जिल्ह्यात सुरू का होऊ नये? दोन वैद्यकीय महाविद्यालये, जिल्हा रुग्णालय, हिंगणघाट-आर्वीची उपजिल्हा रुग्णालये यांनी मिळून अशी एक सामाईक वही चालविली, तर तिला ना इमारत लागेल ना परदेशी यंत्र. प्रतिष्ठा जाईल, ही धास्ती मात्र सोडावी लागेल. जमाखर्चातील एक पैसा जुळेना म्हणून हिशेब पुन्हा तपासावयास लावणारा माणूस याच मातीत राहून गेला. जेथे पैशाचा हिशेब लागतो, तेथे प्राणांचा लागू नये, हे त्याला रुचले नसते.

वीज जाणारच आहे. प्रश्न एवढाच की, ती जाईल तेव्हा कंदील कोठे आहे, हे रात्रपाळीच्या माणसाला ठाऊक असेल काय?